कॅमेऱ्यात पोट दिसत नाही

मावशी,
माझं वय ३१. राहायला पुण्यात वाकडला, नोकरी हिंजवडीच्या आयटी पार्कात, तिसऱ्या फेजला. चार वर्षांपूर्वी अल्सरेटिव्ह कोलायटिसचं, म्हणजे मोठ्या आतड्याला सूज येऊन जखमा होण्याच्या आजाराचं निदान झालं, डाव्या बाजूला. सूज आवरणाऱ्या मेसालामाइनच्या गोळ्या चालू आहेत, गेल्या वर्षापासून प्रतिकारशक्ती दाबणारं अ‍ॅझाथायोप्रिनही. डॉक्टर कर्वे रोडला बसतात, माणूस चांगला आहे. पण जायला दीड तास, यायला दोन. गेल्या पावसाळ्यात चांदणी चौकाच्या अलीकडे गाडी अडकली आणि मला जोरात कळ आली. पुढचं लिहीत नाही. त्या दिवसापासून क्लिनिकला गेलेच नाही. त्यांच्याकडे व्हिडिओ कॉलची सोय आहे, तीनदा तसंच दाखवलं. घरात सासूबाई असतात म्हणून खाली पार्किंगमध्ये, गाडीत बसून बोलते. दर वेळी ‘सगळं ठीक’ म्हणते, पाच मिनिटांत संपतं. सासूबाई म्हणतात, पोटाला हात न लावता कसला डॉक्टर? खरं सांगू? मध्ये बरं वाटत होतं म्हणून मेसालामाइनच्या चारऐवजी दोनच गोळ्या घेत होते. रक्त तपासून सात महिने झाले. आता आठ दिवसांपासून पुन्हा रक्त दिसतंय. पुढचा कॉल गुरुवारी आहे. हा आजार असा फोनवर सांभाळता येतो, की मी स्वतःला फसवतेय? नवरा म्हणतो एक ॲप आहे, दहा मिनिटांत डॉक्टर मिळतो. तो बघू का?
– तिसऱ्या फेजची

तिसऱ्या फेजच्या मुली,

तुझं पत्र सोमवारी दुपारी आलं आणि संध्याकाळीच मी तुला दोन ओळी पाठवल्या: गुरुवारची वाट बघू नकोस. उद्या क्लिनिक उघडताच फोन कर आणि ‘आठ दिवस रक्त पडतंय’ हे पहिल्याच वाक्यात सांग. तो फोन केला असशील असं धरून आता सविस्तर लिहिते.

मी डॉक्टर नाही. पण हाच आजार माझ्याकडे १९ वर्षं मुक्कामाला आहे, आणि त्यातली गेली काही वर्षं तो मी बराचसा फोनवरच सांभाळलाय. त्यामुळे तुझ्या प्रश्नाच्या पहिल्या अर्ध्याला माझं उत्तर ‘हो, येतो’ असं आहे आणि दुसऱ्या अर्ध्यालाही ‘हो, फसवतेयस’ असंच आहे. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. माझंही होतं.

२०२० चा एप्रिल. सगळं बंद. माझ्या डॉक्टरांनी तेव्हा पहिल्यांदा व्हिडिओवर बघितलं. मी इस्त्रीची साडी नेसून, केस विंचरून, कांदेपोह्यांचा कार्यक्रम असल्यासारखी फोनसमोर बसले. ‘काय म्हणता, कसं आहे?’ ‘बरं आहे.’ ‘संडासला किती वेळा?’ ‘तीन-चारदा.’ आमचे हे बाजूला मेथी निवडत बसले होते. मान वर न करता म्हणाले, ‘रात्रीचे धरून, की सोडून?’ फोनवर एकदम शांतता. रात्रीचे धरून आठ होत होते. डॉक्टर म्हणाले, ‘काकांना फ्रेममध्ये घ्या.’

मी खोटं बोलले नव्हते, असं मला तेव्हा वाटत होतं. दिवसाचे चार आणि रात्रीचे चार अशी मी मनातल्या मनात वाटणी केली होती आणि रात्रीचे हिशेबातच धरले नव्हते. पण डॉक्टरांना नेमके तेच हवे असतात. झोपेतून उठवणारी कळ ही आतड्याला सूज असल्याची खूण असू शकते. जेवल्याबरोबर धावणं आणि पहाटे तीनला धावणं यात त्यांच्या लेखी बराच फरक आहे.

क्लिनिकमध्ये हे लपत नाही. तू दारातून आत येतेस, खुर्चीवर सावरून बसतेस, काटा तीन किलो कमी दाखवतो, नर्स नाडी बघते, आणि ‘ठीक आहे’ म्हणताना तुझा चेहरा कसा झाला ते समोरच्याला दिसतं. फोनवर त्यांना तुझा चेहरा आणि गाडीच्या सीटची पाठ तेवढी दिसते. कॅमेऱ्यात पोट दिसत नाही, म्हणून ते शब्दांत आणि आकड्यांत दाखवावं लागतं. पाच मिनिटांत कॉल संपतो याचं कारण तंत्रज्ञान नाही ग. तू त्यांना विचारायला काही ठेवतच नाहीस.

आता ‘येतो’ म्हणाले त्याबद्दल. कोलायटिस शांत असताना डॉक्टर भेटीत काय करतात ते आठवून बघ. किती वेळा, रक्त आहे का, आव आहे का, कळ आल्यावर थांबवता येतं का, वजन, औषधं, रिपोर्ट. हे बहुतेक बोलणं आणि वाचणं आहे. डेन्मार्क आणि आयर्लंडमध्ये ३३३ कोलायटिसवाल्यांवर याचा प्रयोग झाला, तो २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. घरबसल्या वेबवर लक्षणं नोंदवायची, आणि आजार उसळला तर ठरल्याप्रमाणे लगेच औषध वाढवायचं, असं एका गटाला शिकवलं होतं. डेन्मार्कमध्ये त्या गटाचा उसळा साधारण १८ दिवसांत आटोक्यात आला, नेहमीच्या पद्धतीने जाणाऱ्यांचा ७७ दिवसांत. नेदरलँड्समध्ये ९०९ जणांचा असाच अभ्यास २०१७ मध्ये आला. तिथे दवाखान्याच्या खेपा आणि हॉस्पिटलात दाखल होणं, दोन्ही कमी झालं. अमेरिकेतल्या एका अभ्यासात मात्र दूरस्थ गटाचा आजार नेहमीच्या गटापेक्षा काही जास्त सुधारला नाही, तेव्हा जादू समजू नकोस. पण या प्रयोगांमधली माणसं नियमाने नोंदी ठेवत होती, हे विसरू नकोस. पार्किंगमधून ‘सगळं ठीक’ म्हणणारा गट कुणी अभ्यासलेला नाही.

नोंदीचं मी कसं करते सांगते. ॲप वगैरे करून पाहिली, दोन आठवड्यांत कंटाळले. शेवटी भिंतीवरच्या कॅलेंडरवर आले, जिथे दुधाचा हिशेब लिहायचो त्याच चौकटीत. दिवसाचा आकडा, तिरकी रेघ, रात्रीचा आकडा. रक्त असेल तर ‘र’, आव असेल तर ‘आ’, धावत जावं लागलं तर आकड्याखाली रेघ. गोळी चुकली की फुली. एकदा नणंद आली होती, तिने ‘६/२’ वाचलं आणि म्हणाली, ‘अगं, दोघांच्या घरात सहा लिटर दूध?’ तुला नोंद फोनमध्ये ठेवायची तर ठेव, माझी हरकत नाही. पण आठवून सांगायचं नाही. आपली आठवण फार समजूतदार असते, वाईट दिवस बाजूला सारून ठेवते.

कॉलच्या आदल्या दिवशी हे तयार ठेव: सकाळचं वजन, थर्मामीटरवरचा ताप, आणि शांत बसून घड्याळ लावून एक मिनिट मोजलेली नाडी. रिपोर्टच्या पीडीएफ एक दिवस आधी पाठव आणि फाइलच्या नावात तारीख घाल, नाहीतर डॉक्टर तुझ्यासमोर ‘स्कॅन००४७’ उघडत बसतात आणि त्यातच तुझी दोन मिनिटं जातात. औषधांच्या पट्ट्या हाताशी असू देत. आणि बोलायला लागलीस की हवापाणी नंतर. ‘गेल्या भेटीनंतर एवढे दिवस चांगले, एवढे वाईट, रक्त या तारखेपासून, गोळ्या इतक्या चुकल्या.’ एवढं आधी. मग त्यांना जे विचारायचं ते विचारतील.

बेसमेंटमधून कॉल करणं मात्र आजपासून बंद. तिथे नेटवर्क नसतं, प्रकाश नसतो, आणि वॉचमन दोनदा वाकून बघून जातो. खिडकीसमोर बस, उजेड तोंडावर येऊ दे. डॉक्टर कधी खालची पापणी ओढून दाखवायला सांगतील, जीभ बघतील, तेव्हा हा उजेड कामाला येतो. ऑफिसात फोन बूथ असतील तर ते चालेल. कानात हेडफोन घातले की त्यांचे प्रश्न तरी बाहेर जात नाहीत. तुझी उत्तरं मात्र जातील, त्याचं पुढे बघू.

फोटोबद्दल एक अनुभवाचा बोल. डॉक्टरांनी मागितला तर संडासातल्या रक्ताचा फोटो पाठवायला लाजू नकोस, त्यांना त्यातून कळतं. पण फोटो गॅलरीत राहू देऊ नकोस. माझा फोन घरच्या टीव्हीला जोडलेला होता, आणि टीव्ही रिकामा असला की आपोआप फोटो दाखवत बसायचा. माथेरानचा सूर्यास्त, नातवाचं बारसं, आणि मग ते. चहाला शेजारचे जोशी होते. मी त्याबद्दल आणखी काही लिहिणार नाही, जशी तू चांदणी चौकाबद्दल लिहिलं नाहीस.

आता ज्या गोष्टीसाठी मला तुला खरं रागवायचंय ती. अ‍ॅझाथायोप्रिन घेणाऱ्या बाईने सात महिने रक्त तपासलं नाही. या औषधाने पांढऱ्या पेशी उतरू शकतात आणि यकृतावर परिणाम होऊ शकतो, आणि दोन्ही सुरुवातीला जाणवत नाही. म्हणून सुरू करताना दर आठवड्या-दोन आठवड्यांनी आणि बस्तान बसल्यावर साधारण दर तीन महिन्यांनी सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, आणि लिव्हरच्या चाचण्या करतात. आपल्याकडे काही लोकांत एनयूडीटी१५ नावाच्या जनुकात बदल असतो, त्यांच्या पांढऱ्या पेशी तर या औषधाने झपाट्याने खाली येतात. ताप आला, घसा धरला, तर या गोळीवर असताना ‘व्हायरल असेल’ म्हणून घरी बसायचं नाही, त्याच दिवशी कळवायचं. मेसालामाइनवाल्यांनी वर्षातून एकदा तरी क्रिएटिनिन बघावं, मूत्रपिंडासाठी. वाकडला घरी येऊन रक्त नेणाऱ्या लॅब पैशाला पासरी आहेत. सकाळी सातला माणूस येतो, संध्याकाळी रिपोर्ट फोनवर. प्रवासाचं कारण इथे चालणार नाही.

आणि कॅलप्रोटेक्टिन. शौचाची तपासणी, डबीत नमुना द्यायचा. आतड्यात सूज असेल तर हे प्रथिन वाढतं. ग्रॅममागे ५० मायक्रोग्रॅमच्या खाली असेल तर बरं लक्षण, २५० च्या वर असेल तर आत धग आहे असं समजतात, मधल्या आकड्यांवर डॉक्टर थांबून पुन्हा बघायला सांगतात. दूरून आजार सांभाळणाऱ्यासाठी ही फार कामाची गोष्ट आहे, कारण तुझ्या ‘ठीक आहे’वर अवलंबून न राहता आतलं काहीतरी कळतं. स्वस्त नाही, म्हणून कधी करायची ते त्यांनाच विचार. दर वेळी एकाच लॅबमधून कर, आणि अधेमधे आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामक गोळी घेतली असशील तर सांग, त्याने आकडा वाढतो. खरं तर त्या गोळ्या आपल्याला वर्ज्यच. त्यांनी आजार उसळू शकतो. डोकं दुखलं तर पॅरासिटामॉल, तेही मोजून.

गोळ्या अर्ध्या केल्यास, त्याचं मला नवल नाही. बरं वाटत असताना रोज चार गोळ्या गिळणं म्हणजे पाऊस नसताना छत्री धरून चालणं, लोक बघतात आणि आपल्यालाही वेडगळ वाटतं. पण मेसालामाइनचं काम बरं वाटत असतानाच चालू असतं. नियमाने न घेणाऱ्यांचा आजार कित्येक पटींनी जास्त वेळा उलटतो. दोनदा घेणं जमत नसेल तर चारही एकदम घेता येतील का, हे डॉक्टरांना विचार. बऱ्याच जणांना तसं चालतं आणि परिणाम तोच असतो. पण हे सांगितल्याशिवाय ते कसं सुचवणार? त्यांच्या कागदावर तू चार गोळ्या घेतेस. त्यांना वाटेल, चार गोळ्यांवरही रक्त पडतंय, म्हणजे औषध पुरत नाही. मग ते पुढचं, जास्त जड औषध काढतील. दोन गोळ्या लपवल्याची किंमत एवढी मोठी होऊ शकते.

आत्ताच्या रक्ताबद्दल आणखी एक. प्रत्येक रक्त म्हणजे कोलायटिस उसळला असं नसतं. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात, नांदेड-किरकटवाडीकडे, जीबीएसची, म्हणजे नसांवर हल्ला करणाऱ्या गियाँ-बारे आजाराची साथ आली, तेव्हा दूषित पाणी आणि कॅम्पायलोबॅक्टर जंतू हे शब्द सगळ्या पुण्याच्या तोंडी झाले. तोच जंतू रक्ताचे जुलाबही करतो. म्हणून डॉक्टर आधी शौचाच्या तपासण्या करून संसर्ग नाही ना ते बघतील. मागच्या वेळच्या स्टिरॉइडच्या गोळ्या ड्रॉवरमध्ये उरल्या असतील, तर त्यांना हात लावू नकोस. संसर्ग असताना आपल्या मनाने स्टिरॉइड म्हणजे घरात चोर असताना कुत्रा बांधून ठेवणं. आणि एकदा डॉक्टरांनी सुरू केलं की आपल्या मनाने बंदही करायचं नाही, ते उतरवतच आणावं लागतं.

सासूबाईंचं म्हणणं अर्धं बरोबर आहे, ते अर्धं घे. आजार शांत असताना पोट दाबून फार काही नवं कळत नाही. उसळलेला असताना मात्र हात लागतोच. पोट फुगलंय का, दाबल्यावर कडक होतंय का, हे कुठल्याच फोनला कळत नाही. आणि तुझ्याऐवजी क्रोन्सचा, म्हणजे आतड्याच्या सुजेच्याच दुसऱ्या आजाराचा पेशंट असता, शौचाच्या जागेजवळ गळू किंवा भगेंद्र असतं, तर मी व्हिडिओचं नावही काढलं नसतं. ते डोळ्यांनी बघावं लागतं. म्हणून माझा आग्रह असा की वाकडमध्येच एक फॅमिली डॉक्टर धर. अगदी साधा, जुना, स्टेथोस्कोप गळ्यात असलेला. तुझ्या फाइलची एक प्रत त्यांच्याकडे दे, कर्वे रोडच्या डॉक्टरांचा नंबर दे. कधी शंका आली तर पाच मिनिटांवर जाऊन पोट दाखव, बीपी-नाडी बघू दे, आणि तिथूनच मोठ्या डॉक्टरांना फोन लागू दे. पूर्वी पुण्यात प्रत्येक घराला असा एक डॉक्टर असायचा आणि तो घरच्यांच्या भांडणातही मध्यस्थी करायचा. ती दुसरी सेवा हल्ली मिळत नाही, पहिली अजून मिळते.

काही दिवस असे असतात की तेव्हा फोनही करायचा नसतो, सरळ निघायचं असतं. दिवसाला सहा किंवा जास्त वेळा रक्ताची संडास आणि जोडीला १०० च्या वर ताप किंवा बसल्या जागी ९० च्या वर नाडी. पोट टम्म फुगून वारा सरत नाही. उभं राहिलं की अंधारी येते. पोटातली कळ थांबतच नाही. उलट्यांमुळे पाणीही टिकत नाही. एकच पाय अचानक सुजून दुखायला लागला तरीही, कारण आजार उसळलेला असताना रक्ताच्या गाठी व्हायचा धोका वाढतो. अशा वेळी पोटाचे डॉक्टर आणि रात्री सर्जन असलेलं जवळचं हॉस्पिटल गाठायचं. जुलाब थांबवायची गोळी घेऊन सकाळची वाट बघायची नाही, ती गोळी तेव्हा घातक ठरू शकते. कुठलं हॉस्पिटल ते आज ठरवून नवऱ्याच्या फोनमध्ये लिहून ठेव. मी एकदा तीन आठवडे रक्त लपवलं होतं. भरती झाले तेव्हा हिमोग्लोबिन साडेसात होतं आणि पोरगी अमेरिकेतून रडत होती.

दहा मिनिटांत डॉक्टर देणाऱ्या ॲपचं थोडक्यात: सर्दीला ठीक. तुझ्या आजाराला दर वेळी नवा डॉक्टर म्हणजे दर वेळी चार वर्षांची कहाणी पहिल्यापासून, आणि दहा मिनिटांतली सात त्यातच जाणार. तुझे डॉक्टर तुला ओळखतात, त्यांनाच धर. जवळपास तज्ज्ञच नाही अशा गावातून वाचणाऱ्यांना मात्र सांगते, सरकारची ई-संजीवनी सेवा फुकट आहे, निदान योग्य ठिकाणी पाठवायला तरी ती कामाला येते.

नियमही जाणून घे. २५ मार्च २०२० ला, लॉकडाऊन लागला त्याच दिवशी, केंद्राने टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यानुसार त्याच आजारासाठी त्याच डॉक्टरांनी प्रत्यक्ष तपासल्यापासून सहा महिन्यांच्या आतली भेट ती फॉलोअप. सहा महिने उलटले की नियमाच्या दृष्टीने तू पुन्हा पहिल्यांदा आलेली पेशंट, आणि अशा पेशंटला फोनवर कोणती औषधं लिहायची यावर बंधनं जास्त. तुझे सहा महिने केव्हाच उलटलेत. डॉक्टर कधीही ‘आता प्रत्यक्ष या’ म्हणू शकतात, तुलाही तसं म्हणता येतं. चिठ्ठीवर त्यांचा नोंदणी क्रमांक हवाच, केमिस्ट तो बघतो. आणि उद्या कंपनीने ऑनसाइट पाठवलं तर हे नियम देशाबाहेर लागू नाहीत, तेव्हा जायच्या आधी तिथल्या डॉक्टरची सोय बघ. पाठीमागे ‘व्हिडिओ आहेच’ म्हणून निघू नकोस.

म्हणजे सहा महिन्यांतून एकदा कर्वे रोड आलाच. शिवाय आजाराला आठ वर्षं झाली की कर्करोगाच्या दृष्टीने कोलोनोस्कोपीचं वेळापत्रक ठरवतात, ती काही फोनवर होत नाही. आणि तुझ्या पत्रात दोनदा सासूबाई आल्या त्यावरून अंदाज करते, चुकला तर सोडून दे: मुलाचा विचार असेल तर ते बोलणं प्रत्यक्ष, नवऱ्याला घेऊन कर. आजार काही महिने शांत असताना दिवस राहिलेले बरे. आणि दिवस राहिले म्हणून घाबरून गोळ्या आपल्या मनाने सोडणाऱ्या मुली मी पाहिल्यात, तसं करू नकोस.

राहिली चांदणी चौकाची भीती. मला वाटतं तुझ्या सगळ्या पत्राचं मूळ तिथे आहे, आणि ती भीती खुळी नाही. ती डॉक्टरांना सांग. ‘मला रस्त्यात थांबवता येत नाही’ ही तक्रार नाही, लक्षण आहे, आणि गुदमार्गातून घ्यायच्या औषधाने ते बरंच आवरतं, खासकरून डाव्या बाजूच्या आजारात. व्हिडिओवर तू हे कधीच बोलली नाहीस, हे मी पैजेवर सांगते. जायचं तेव्हा सकाळची पहिली वेळ घे, निघायच्या आधी पोटभर नाश्ता आणि कडक कॉफी टाळ, बायपासवरचे बरे पेट्रोल पंप नवऱ्याला माहीत करून ठेव. चौक उतरलीस की वनाझ, आनंदनगर, आयडियल कॉलनी, नळस्टॉप अशी मेट्रोची स्टेशनं ओळीने आहेत आणि तिथे स्वच्छतागृह असतं. नुसतं ‘आहे’ हे माहीत असलं तरी निम्मी कळ ओसरते.

सासूबाईंना एकदा कॉलला शेजारी बसव. एकदाच. लपवायला काही राहिलं नाही की पार्किंगमध्ये जावं लागत नाही. आणि रात्री घरातला दिवा किती वेळा लागतो, हे त्यांना तुझ्याइतकंच माहीत असणार. आमच्या ह्यांना होतं.

हे लिहून होईपर्यंत तुझा मेल आला. ‘सांगितलं. दोन गोळ्यांचंही सांगितलं. ते रागावले नाहीत, फक्त चष्मा काढून ठेवला. शौचाच्या आणि रक्ताच्या तपासण्या आज दिल्या. शनिवारी साडेआठला प्रत्यक्ष बोलावलंय. सासूबाई येते म्हणतायत.’

साडेआठ म्हणजे सातच्या आत निघा. जादाची सलवार पिशवीत वरच ठेव, तळाशी नको. आणि नोंदी कॅलेंडरवर केल्या असतील तर फोटो काढत बसू नकोस, भिंतीवरून काढून तसंच घेऊन जा.